प्रजननाच्या विशेषज्ञतेची परीक्षा हाताचीही असावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जनावरांच्या विशेषज्ञ डॉक्टरांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेल्या लेखात ‘पदव्युत्तर शिक्षण घेतलेला पशुवैद्य’ आणि ‘विशेषज्ञ’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले आहेत. वाचताना हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याची गाय चौथ्यांदा उलटली आहे, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिलेली नाही, किंवा ज्याची कुत्री विण्याच्या वेळी अडली आहे, त्याच्या दृष्टीने तो मोठा आहे. पदव्युत्तर पदवी विद्यापीठ देते आणि तिच्यामागे बहुधा एखाद्या मर्यादित प्रश्नावरचा प्रबंध असतो. विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र मात्र त्याच विषयात आधी प्रमाणित झालेल्या व्यावसायिकांची संस्था देते. उमेदवारावर अवघड प्रकरणे विश्वासाने सोपवता येतील का, एवढाच प्रश्न त्या परीक्षेपुढे असतो, निदान असायला हवा. मी आयुष्यभर पशुप्रजननाचेच काम केले, अशा परीक्षेला दोनदा बसलो, पुढे प्रश्न तयार करणाऱ्यांच्या बाजूलाही काही काळ होतो. त्या अनुभवावरून ही परीक्षा काय तपासते आणि काय तपासायचे राहून जाते, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्राण्यांच्या प्रजननाच्या या शाखेला अमेरिकेत ‘थेरिओजेनॉलॉजी’ म्हणतात. ‘थेरिओ’ म्हणजे पशू, ‘जेन’ म्हणजे उत्पत्ती आणि ‘लोगोस’ म्हणजे शास्त्र, असे तीन ग्रीक तुकडे जोडून हा शब्द मुद्दाम घडवण्यात आला, कारण नर-मादीची प्रजननसंस्था, प्रसूती आणि नवजात पिलू या सर्वांना एका छत्राखाली घेणारा शब्द तोपर्यंत नव्हता. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ थेरिओजेनॉलॉजिस्ट्स’ ही संस्था 1971 साली स्थापन झाली. युरोपात ‘युरोपियन कॉलेज ऑफ ॲनिमल रिप्रॉडक्शन’ हेच काम करते, आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे विशेषज्ञतेचे मंडळ 1996 पासून अस्तित्वात आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांची संयुक्त संस्था वेगळी. ‘कॉलेज’ या शब्दाने फसू नये. येथे वर्ग नसतात, आवार नसते, घंटा होत नाही. ती समव्यावसायिकांची सभा असते, आणि तिने घेतलेल्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्याला ‘डिप्लोमेट’ म्हणतात.

परीक्षेपर्यंतची वाट लांब असते. पदवीनंतर साधारण एक वर्ष सर्वसाधारण अनुभव, मग विशेषज्ञांच्या हाताखाली निवासी प्रशिक्षण, जे अमेरिकेत सामान्यतः दोन ते तीन वर्षांचे आणि युरोपात किमान तीन वर्षांचे असते. या काळात पाहिलेल्या रुग्णांची नोंदवही आणि शास्त्रीय नियतकालिकातील लेखन या गोष्टी उमेदवाराला दाखवाव्या लागतात. हे सगळे तपासले गेल्यावर परीक्षेला बसण्याची परवानगी मिळते. म्हणजे परीक्षेच्या दालनात पोचलेला माणूस नवशिका नसतो, आणि त्यामुळेच त्याला नवशिक्यासारखे प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. ‘डुकरिणीचा गर्भकाळ किती दिवसांचा?’ या प्रश्नाचे 114 हे उत्तर पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला विद्यार्थीही देतो.

विशेषज्ञाला काय विचारावे, याचे एक उदाहरण देतो. कुत्रीला नराकडे नेण्याचा दिवस ठरवण्यासाठी रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजतात. स्त्रीबीज सुटायला लावणाऱ्या ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट येते तेव्हा प्रोजेस्टेरॉन साधारण 2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास असते आणि सुमारे दोन दिवसांनी स्त्रीबीज सुटते तेव्हा 4 ते 10 च्या दरम्यान पोचलेले असते. परंतु कुत्रीची गंमत अशी की, तिचे स्त्रीबीज सुटते ते अपक्व अवस्थेत. पक्व होऊन फलनायोग्य व्हायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. ताजे वीर्य मादीच्या शरीरात अनेक दिवस तग धरते, म्हणून नैसर्गिक संयोगात एक-दोन दिवसांची चूक खपून जाते. गोठवलेले वीर्य वितळल्यावर जेमतेम काही तास टिकते, तेथे चूक खपत नाही. आता त्यात भर अशी की, काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात आणि काही नॅनोमोलमध्ये, आणि नॅनोग्रॅमचे नॅनोमोलमध्ये रूपांतर करायला 3.18 ने गुणावे लागते. अहवालावर ‘16’ दिसला की घाईने रेतन उरकणारा आणि आधी एकक वाचणारा, या दोघांतला फरक चांगल्या प्रश्नाने उघडा पडतो. असा प्रश्न पाठांतराने सुटत नाही, आणि पाठांतर नसेल तरीही सुटत नाही.

घोडीच्या बाबतीत तर घड्याळच परीक्षक असते. घोडीत जुळे गर्भ म्हणजे संकट. बहुतेक वेळा दोन्ही जातात, आणि उशिरा गेले तर घोडीही धोक्यात येते. सुमारे सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाच्या पिशव्या गर्भाशयात फिरत असतात, तोवर सोनोग्राफीत दोन दिसल्या तर एकीला बाजूला नेऊन दाबून नष्ट करता येते आणि दुसरी बहुधा सुखरूप वाढते. दोन्ही एकाच जागी स्थिरावल्या की तेच काम कठीण होते. आणखी वेळ गेला, पस्तीस-चाळीस दिवस उलटले, की गर्भाशयाच्या अस्तरात ‘एंडोमेट्रियल कप’ तयार होतात आणि त्यांतून स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे, दोन्ही गर्भ काढून टाकले तरी, घोडी त्या हंगामात वेळेवर माजावर येत नाही. म्हणजे एकच निष्कर्ष चौदाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तीन निरनिराळे सल्ले मागतो. परीक्षेत ही तीन चित्रे ओळीने दाखवून ‘आता काय कराल, आणि मालकाला काय सांगाल?’ असे विचारले, तर उमेदवाराच्या पाच वर्षांच्या कामाचा अंदाज पाच मिनिटांत येतो.

वळूच्या तपासणीचेही असेच. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजी’ या संघटनेने 1993 साली ठरवलेल्या निकषांनुसार किमान 30 टक्के शुक्राणू पुढे सरकणारे, किमान 70 टक्के सुघड, आणि पंधरा महिन्यांपर्यंतच्या वळूच्या वृषणकोशाचा घेर किमान 30 सेंटिमीटर असावा लागतो. आकडे कोणीही पाठ करील. पण महिन्यापूर्वी ताप येऊन गेलेल्या वळूच्या नमुन्यात सुघड शुक्राणू 55 टक्केच भरले, तर त्याला कायमचा बाद ठरवायचा की थांबायचे? वळूमध्ये शुक्राणू घडायला सुमारे 61 दिवस लागतात, पुढे अधिवृषणातून, म्हणजे वृषणालगतच्या नळीतून, बाहेर यायला आणखी आठवडा-दीड आठवडा. तेव्हा उत्तर थांबण्याचेच आहे, आणि किती थांबायचे तेही त्यातच आहे.

या परीक्षांविषयी व्यवसायात एक जुना वाद आहे. अमेरिकेचे प्रमाणपत्र सर्व प्रजातींसाठी एकच असते. जन्मभर फक्त दुभत्या गाईंचे काम करणाऱ्यालाही घोडी, कुत्री, मांजरी, मेंढी, शेळी, डुकरीण आणि लामा-अल्पाका यांचा अभ्यास करावा लागतो. युरोपीय संस्थेत उमेदवार उपविषय निवडतो: गोवंश, अश्व, वराह, लहान रवंथी (शेळ्या-मेंढ्या), घरगुती पाळीव प्राणी, किंवा प्रजननाचे जैवतंत्रज्ञान. ‘ज्याला आयुष्यात मांजर तपासायचे नाही त्याला मांजराचे प्रश्न कशाला?’ असा एक पक्ष आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो फारच पटतो. माझे मत हळूहळू उलट बाजूला गेले. मांजरीत संयोग झाल्याखेरीज सहसा स्त्रीबीज सुटत नाही, हे नीट समजलेल्या माणसाला गाईत ते कशामुळे सुटते हेही अधिक नेमके समजते. गाईच्या पीतपिंडावर, म्हणजे स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयावर तयार होणाऱ्या पिंडावर, तो विरवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या औषधाचा परिणाम माजानंतरचे पहिले पाचेक दिवस होत नाही. कुत्रीत तर ही दाद मिळायला बरेच अधिक दिवस लागतात आणि एका मात्रेवर सहसा भागत नाही. हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय औषध कुठे आणि का काम करते, ते कळत नाही. तेव्हा समान पाया सर्व प्रजातींचा असावा आणि त्यावर निवडलेल्या प्रजातीची खोल परीक्षा असावी, हे मला रास्त वाटते. पाया काढून टाकला तर विशेषज्ञ उरत नाही, एका जनावराचा कुशल कारागीर उरतो. कारागीर असण्यात काही कमीपणा नाही, पण ते प्रमाणपत्र वेगळे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. प्रजननाचे शास्त्र डोक्यात असते तितकेच बोटांतही असते. गाईच्या गुदमार्गातून हात घालून पस्तीस दिवसांचा गर्भ ओळखणे, अंडाशयावरचा पीतपिंड आणि गाठ यांतला फरक हाताला कळणे, गर्भाशयाला पीळ कोणत्या बाजूने पडला आहे हे योनिमार्गातील घड्यांवरून ताडणे, वासराची मान मागे वळली आहे की खाली दबली आहे हे डोळ्यांनी न पाहता ठरवणे, ही सगळी हाताची विद्या आहे. पिळाची बाजू चुकली आणि गाईला उलट दिशेने लोळवले, तर पीळ सुटण्याऐवजी घट्ट होतो. मी ज्या परीक्षेला बसलो, तिच्यातल्या ‘प्रात्यक्षिक’ विभागात छायाचित्रे, सोनोग्राफीच्या चित्रफिती, शुक्राणूंच्या काचपट्ट्यांची चित्रे आणि उपकरणांची ओळख एवढेच होते. त्यात मी चांगले गुण मिळवले, आणि त्यातला एकही गुण माझ्या हाताला मिळालेला नव्हता. माझ्यापेक्षा कितीतरी सरस हाताचा एक सहाध्यायी निबंधाच्या प्रश्नांत मागे पडला. त्याचे नापास होणे नियमाप्रमाणे योग्य होते. नियमच अपुरा होता.

यावर तत्काळ उत्तर येते, ते असे की प्रत्येक उमेदवारासमोर तेच जनावर, तोच आजार कसा आणणार? हा आक्षेप खरा आहे. शिवाय एकाच गाईत दिवसभरात दहा जणांनी हात घातले, तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि परीक्षेसाठी जनावराला त्रास देण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु माणसांच्या वैद्यकाने हीच अडचण फार पूर्वी ओळखली होती. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली अनेक थांब्यांची, ठरावीक वेळेची आणि आधीच आखलेल्या गुणपत्रकाची वैद्यकीय परीक्षा मांडली, आणि आज ती जगभर रूढ आहे. पशुप्रजननात असे थांबे उभे करणे अशक्य मुळीच नाही. कत्तलखान्यातून आणलेली प्रजननसंस्था पडद्याआड ठेवून केवळ स्पर्शाने निदान करायला सांगता येते. प्रसूतीच्या सांगाड्यात वासराचे प्रतिरूप निरनिराळ्या स्थितींत ठेवता येते. प्रत्यक्ष वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली देऊन शंभर शुक्राणू मोजायला लावता येतात. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी विकसित केलेल्या ‘हॅप्टिक काऊ’ या यंत्रात तर संगणकाने निर्माण केलेल्या स्पर्शावरून गर्भाशय चाचपण्याचा सराव करता येतो, आणि शिकणारा काय चाचपतो आहे ते शिकवणाऱ्याला पडद्यावर दिसते. शिकवताना जे चालते, ते परीक्षा घेताना का चालू नये?

नोंदवहीने हाताची खातरी होते, असेही सांगतात. काही अंशी होते. पण नोंदवहीत ‘अडलेली गाय, शस्त्रक्रिया, वासरू जिवंत’ असे लिहिलेले असते तेव्हा चाकू कोणाच्या हातात होता, हे त्या ओळीवरून कळत नाही. मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्याच्या नोंदवहीत प्रकरणे शेकड्यांनी भरतात, लहान ठिकाणी शिकणाऱ्याच्या वहीत थोडी असतात, आणि कधी कधी त्या थोड्यांतच अधिक शिकलेले असते. म्हणून संख्येपेक्षा मला एक साधी सुधारणा महत्त्वाची वाटते. प्रत्येक नोंदीपुढे ‘पाहिले’, ‘मदत केली’, ‘देखरेखीखाली स्वतः केले’ आणि ‘एकट्याने केले’ यांपैकी एक लिहिणे बंधनकारक असावे, त्यावर मार्गदर्शकाची सही असावी, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने त्यांतील कोणतीही पाच प्रकरणे उघडून विचारावीत. खोटी नोंद दुसऱ्या प्रश्नाला तोंड देऊ शकत नाही.

उत्तीर्णतेची रेषा हा विषय सामान्य वाचकाला रुक्ष वाटेल, म्हणून थोडक्यात आटोपतो. सर्वांत वरच्या अमुक टक्के लोकांना उत्तीर्ण करायचे, ही पद्धत विशेषज्ञतेच्या परीक्षेला लागू करणे गैर आहे, कारण एखाद्या वर्षी सगळेच कच्चे असतील तर कच्चेच विशेषज्ञ होतील. त्याऐवजी परीक्षकांचे मंडळ प्रत्येक प्रश्न पुढे घेऊन ‘जेमतेम पात्र असलेल्या शंभर उमेदवारांपैकी किती जण याचे बरोबर उत्तर देतील?’ असा अंदाज करते आणि त्या अंदाजांच्या सरासरीवरून रेषा ठरते. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत 1971 सालची, म्हणजे योगायोगाने थेरिओजेनॉलॉजिस्टांच्या संस्थेच्याच वयाची आहे. अडचण एवढीच की या विषयाला दरवर्षी बसणारे उमेदवार फार थोडे असतात, त्यामुळे प्रश्न सदोष होता की उमेदवार कच्चा होता, हे आकडेशास्त्राने सिद्ध करणे कठीण जाते. अशा वेळी प्रश्न आधीच दोन-तीन त्रयस्थ विशेषज्ञांकडून सोडवून घेणे हाच उपाय आहे. आम्ही तसे करून पाहिले तेव्हा, आम्हाला निर्विवाद वाटलेल्या प्रश्नांपैकी काहींवर तिघा जाणत्यांची तीन उत्तरे आली. ते प्रश्न आम्ही निमूटपणे मागे घेतले.

निकाल कळवण्याची रीत मात्र सहज बदलता येण्यासारखी आहे आणि तरीही अनेक ठिकाणी बदललेली नाही. मी पहिल्यांदा नापास झालो तेव्हा संबंधित संस्थेकडून आलेल्या पत्रात माझे नाव, बैठक क्रमांक आणि ‘अनुत्तीर्ण’ हा एक शब्द होता. कुठे कमी पडलो? नर जनावरांच्या विभागात, प्रसूतीत, की संप्रेरकांच्या गणितात? विचारणा केल्यावर ‘गोपनीयता’ असे उत्तर मिळाले. प्रश्नपत्रिका गोपनीय ठेवण्याचे कारण मला समजते, कारण चांगला प्रश्न तयार करायला अनेक तास लागतात आणि तो पुन्हा वापरावा लागतो. पण विभागवार गुण सांगितल्याने कोणताही प्रश्न फुटत नाही. पुढचे वर्ष मी सगळाच अभ्यास पुन्हा केला, आणि बराच वेळ ज्या विषयांत मी मुळात कच्चा नव्हतो त्यांवर घालवला, हे दुसऱ्या निकालानंतर योगायोगाने कळले. ज्या संस्था विभागवार गुण देतात आणि उत्तीर्ण झालेला भाग पुन्हा द्यायला लावत नाहीत, त्यांचे अनुकरण इतरांनी करावे.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या पुनर्मूल्यांकनाबाबत युरोपीय पद्धत अधिक कडक आहे. तेथे विशेषज्ञाला दर पाच वर्षांनी आपण त्याच क्षेत्रात काम करीत आहोत आणि शिकत आहोत, हे दाखवावे लागते. मी शिकत होतो तेव्हा कळपातील गाईंचा माज नुसत्या नजरेने ओळखणे हे मोठे कौशल्य मानले जात असे. 1995 मध्ये संप्रेरकांच्या तीन इंजेक्शनांनी स्त्रीबीज सुटण्याची वेळच बांधून घेऊन माज न पाहता रेतन करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि मोठ्या गोठ्यांतले काम पार बदलले. त्यानंतर वीर्यातील नर-मादी शुक्राणू वेगळे करणे आले, प्रयोगशाळेत तयार केलेले भ्रूण आले. 1990 साली उत्तीर्ण झालेल्याचे प्रमाणपत्र यातल्या कशाचीही हमी देत नाही, आणि मी हे माझ्या स्वतःच्या भिंतीवरच्या चौकटीकडे पाहून लिहीत आहे.

आपल्या वाचकांना एवढे सांगावेसे वाटते की, अमेरिकेची आणि युरोपची संस्था आपापल्या डिप्लोमेटांची यादी संकेतस्थळावर खुली ठेवते. एखाद्या फलकावर ‘प्रजनन विशेषज्ञ’ असे लिहिलेले दिसले, तर कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र, कोणत्या वर्षी, आणि युरोपचे असेल तर कोणत्या उपविषयाचे, हे तीन प्रश्न विचारावेत. खऱ्या विशेषज्ञाला त्यांचा राग येत नाही. आणि आपल्या लेखकांना विनंती की, पुढील लेखात ‘पदव्युत्तर शिक्षण घेतलेला’ आणि ‘विशेषज्ञ’ या दोन शब्दांमधील अंतर राखावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक पशुवैद्य